गावच्या विहिरी आणि आठवीचा वर्ग: सेवेतून शिकण्याचा उपक्रम उभा करायचा आणि टिकवायचा कसा

शाळेने गावासाठी काही करायचं ठरलं की आधी खराटे निघतात. २ ऑक्टोबरला प्रभातफेरी, चौकाची झाडलोट, सरपंचांसोबत फोटो, चहा-बिस्किटं. ३ तारखेला चौक होता तसाच. यात वाईट काही नाही. पण झाडायला शिकण्यासाठी मुलांना शाळा लागत नाही आणि चौक झाडण्यासाठी गावाला आठवीचा वर्ग लागत नाही.

सेवेतून शिक्षण, म्हणजे सर्व्हिस लर्निंग, म्हणायचं असेल तर दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. काम गावाला खरोखर हवं असलं पाहिजे, आणि ते करताना मुलांना वर्गात शिकलेलं वापरावं लागलं पाहिजे. उपक्रम टिकायचा असेल तर तिसरीही अट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात कडक: काम बंद पडलं तर शाळेबाहेरचं कोणीतरी विचारायला आलं पाहिजे, "का हो सर, यंदा मोजणी नाही?" असं विचारणारं कोणी नसेल, तर तो उपक्रम एका उत्साही शिक्षकाचा छंद आहे आणि त्यांच्या बदलीबरोबर तो जाणार.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली, ती हातांच्या कामातून शिकण्याचीच होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि गावाला लागणारी कामं करत करत तंत्रज्ञान शिकायची पद्धत शाळांपर्यंत नेली. म्हणजे अडचण कल्पनेची नाही, ती रोजच्या व्यवहाराची आहे. कोणी कोणाला काय द्यायचं, कोणत्या तारखेला, आणि ते कुठे लिहून ठेवायचं, हे ठरलेलं नसतं.

म्हणून इथे एकच उपक्रम घेतो आणि तो मुळापासून सांगतो: गावच्या विहिरींची पाणीपातळी मोजून तिचा हिशेब ग्रामसभेत मांडणं. माध्यमिक शाळेतली आठवी-नववीची मुलं हे नीट करू शकतात, साहित्य काही शे रुपयांत येतं, आणि रब्बीला काय पेरायचं या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

जूनमध्ये: आधी ऐकायचं

विषय शाळेत बसून ठरवू नका, माझ्या सांगण्यावरूनही नको. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुलांना गटागटाने चार ठिकाणी पाठवा: ग्रामपंचायत कार्यालय, आशाताई किंवा अंगणवाडीताई, बचत गटाची बैठक आणि गावातले दोन-तीन जाणते शेतकरी. प्रश्न एकच ठेवा: गावाबद्दलची अशी कोणती माहिती आहे, जी तुम्हाला लागते पण कोणाकडे लिहिलेली नाही?

प्रश्न असाच विचारा. "गावाची समस्या काय?" असं विचारलं तर रस्ता, वीज आणि दारूबंदी ही यादी मिळते, आणि त्यातलं काहीच आठवीच्या हातात नसतं. माहिती विचारली की वेगळी उत्तरं येतात. कोणत्या वस्तीला किती दिवसांआड पाणी येतं, टाकीचं पाणी शेवटच्या नळाला पोचेपर्यंत क्लोरीन उरतं का, कोणाच्या विहिरीला मेमध्ये किती पाणी असतं. हे सगळ्यांना अंदाजाने माहीत असतं आणि आकड्यात कोणालाच माहीत नसतं.

जाणते लोक विहिरीची खोली परसात सांगतील (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची). ते तसंच लिहून घ्या, मीटरमध्ये नंतर करता येईल. बहात्तरच्या दुष्काळात कोणती विहीर आटली नव्हती, कुठे आडवं बोअर मारलं, कोणता झरा कधी बंद झाला, हे याच बैठकीत मिळतं. पुढे मोजणीसाठी विहिरी निवडताना याचा फार उपयोग होतो.

कागद दोन, पण दोन्ही लागतात

पहिला कागद शाळेच्या बाजूचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत उपक्रमाचा ठराव घ्या. समिती नसलेल्या माध्यमिक शाळेत तोच पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत घ्या. ठरावात वर्ग, विषय, शिक्षक आणि मोजणीचे महिने येऊ द्या.

दुसरा कागद शाळा आणि ग्रामपंचायत यांच्यातला, एका पानाचा. शाळा काय देणार: वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींची पातळी आणि दर वेळी एका पानाचा आलेख. ग्रामपंचायत काय देणार: मोजपट्टी, रंगाचा डबा, कार्यालयाच्या भिंतीवर आलेखासाठी जागा, ग्रामसभेत दहा मिनिटं, आणि मेच्या मोजणीसाठी जलसुरक्षकाची, म्हणजे गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाची, मदत. तिसरा परिच्छेद सगळे विसरतात: शाळा काय करणार नाही. मुलं टाकी धुणार नाहीत, गाळ काढणार नाहीत, कोणाच्या सत्काराला रांगेत उभी राहणार नाहीत आणि कार्यालयाची राहिलेली सर्वेक्षणं भरून देणार नाहीत. हे आधीच लिहिलेलं असलं की पुढे कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

ग्रामसेवकांना विनंती करून हा कागद मासिक सभेच्या इतिवृत्तात घ्यायला लावा. पाच वर्षांनी सरपंच बदलतात, इतिवृत्त राहतं.

विहिरी निवडताना

सुरुवातीला पाच-सहा विहिरी पुरेत. एक सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची, एक ओढ्याकाठची, एक माळावरची, एक गावाच्या वरच्या अंगाची, एक खालच्या. प्रत्येक वस्तीतली निदान एक यादीत असलीच पाहिजे, विशेषतः ज्या वस्तीच्या नळाला सगळ्यात शेवटी पाणी येतं तिथली. गावात दोन गट असतील (आणि ते असतातच) तर दोन्ही गटांच्या विहिरी घ्या. एकाच गटाच्या विहिरी मोजल्यात तर पुढच्या निवडणुकीत तुमचा आलेख भिंतीवरून उतरलाच म्हणून समजा.

कठडा नसलेली विहीर यादीत नको, ती कितीही महत्त्वाची असली तरी. हा नियम मोडायला कोणतंही कारण पुरेसं नाही.

मालकाची परवानगी हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. बरेच जण कारण न सांगता नाही म्हणतात. कारण बहुतेक वेळा हे असतं: टंचाईच्या काळात तहसील कार्यालय पाणी असलेल्या खाजगी विहिरी अधिग्रहित करतं. माझ्या विहिरीला मेमध्ये पाणी आहे हे शाळेच्या वहीत लिहिलं गेलं तर उद्या नोटीस येईल, ही भीती अगदीच निराधार नाही. तेव्हा "काही होत नाही हो काका" असं खोटं सांगू नका. विहिरींना नावांऐवजी क्रमांक द्या, भिंतीवरच्या आलेखात क्रमांकच ठेवा आणि प्रत्येक नोंद आधी मालकाला दाखवा. तरीही नको म्हणाले तर दुसरी विहीर शोधा. दोन वर्षांनी तेच बोलावतात, कारण शेजाऱ्याची पातळी कळते आणि आपली कळत नाही.

मोजणी कशी करायची

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आपणही त्याच चार वेळा धरायच्या म्हणजे तुलना करता येते. पहिली मोजणी मात्र सप्टेंबरच्या अखेरीस उरका, कारण ती ग्रामसभेत मांडायची आहे. हस्ताचा पाऊस नंतर चांगला पडला तर ऑक्टोबरअखेर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे ठेवा.

साहित्य म्हणजे ३० मीटरची फायबरची मोजपट्टी आणि तिच्या टोकाला बांधायला एक वजन. दोरीला गाठी मारूनही होतं, पण दोरी भिजली की ताणते आणि मग आकडे फसवतात. कठड्यावर एका जागी रंगाने बाण काढा. दर वेळी तिथूनच मोजायचं, वर्ग बदलला तरी. वेळ सकाळची, मोटार सुरू व्हायच्या आधीची. मोटार चालू असताना घेतलेली पातळी ही विहिरीची पातळी नसते.

वजन पाण्याला टेकलं की आवाज येतो आणि पट्टी सैल पडते. तिथला आकडा घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. समजा बाणापासून पाण्यापर्यंत ९.४० मीटर आणि कठडा ०.९० मीटर, तर पाणी जमिनीखाली ८.५० मीटरवर आहे. दोन मुलांनी वेगवेगळं मोजायचं. फरक पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. "मुलं काय मोजणार" म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरतं.

प्रत्येक विहिरीवर एक मोठं माणूस असलंच पाहिजे, शिक्षक किंवा पालक. कोणीही कठड्यावर चढणार नाही, वाकणार नाही, पायऱ्या उतरणार नाही. पट्टी हातातून सुटली तर ती गेली, तिच्या मागे कोणी जायचं नाही. ही सकाळची मोजणी शाळेच्या वेळेतच धरा. शाळा सुटल्यावर ठेवलंत तर मुली गळतात, कारण त्यांना घरी जाऊन पाणीच भरायचं असतं. पाण्याच्या उपक्रमातून पाणी भरणाऱ्याच बाहेर राहिल्या तर त्याला काय अर्थ?

जोडीला शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवा, झाड किंवा इमारतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. पावसाचं सरकारी केंद्र साधारण महसूल मंडळात एक असतं. मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडला होता का, हा वाद गावात नेहमीचा आहे आणि पीक विम्याच्या वेळी तर हमखास. तुमच्या मापकाची नोंद विमा कंपनी मान्य करणार नाही, पण बोलताना गावाच्या हातात एक आकडा असतो.

हिशेब: इथे वर्ग कामाला लागतो

पातळी मोजून वही ठेवून दिली तर ती नुसती सेवा झाली. शिक्षण पुढे आहे. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी होतं. म्हणजे हेक्टरला १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर आला की वर्गात पहिला प्रश्न येतो: मग टँकर का लागतो? यायलाच हवा. त्याचं उत्तर भूगोलाच्या तासाला शोधायचं: किती वाहून गेलं, किती उडून गेलं, आपल्या खालच्या काळ्या पाषाणात किती मुरतं.

विहिरीचं गणित आठवीच्या वृत्तचितीचं. व्यास ६ मीटर असेल तर पाण्याची पातळी १ मीटर उतरणं म्हणजे सुमारे २८,३०० लिटर कमी होणं. हे मुलांनी स्वतः काढायचं, तुम्ही नाही.

मग मागणीची बाजू. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. १,५०० लोकांच्या गावाला वर्षाला साधारण ३ कोटी लिटर लागतात. उसाला हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. मधला २,००० धरला तर हेक्टरी २ कोटी लिटर. म्हणजे सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी दीड हेक्टर उसाइतकं. मुलांनी हे एकदा स्वतःच्या हाताने मांडलं की पाण्यावरच्या घोषणा त्यांना शिकवाव्या लागत नाहीत. कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र आहे हे तलाठ्यांकडच्या पीकपाहणीतून आणि पिकांची पाण्याची गरज कृषी सहायकांकडून घ्या. दोघांनाही एकेकदा वर्गात बोलावा, अर्ध्या तासासाठी.

एक सावधगिरी. पहिल्या वर्षी पूर्ण ताळेबंद मांडायच्या मोहात पडू नका. किती टक्के मुरलं याचा आकडा पुस्तकातून उचलून आपल्या गावाला चिकटवला तर हिशेब छान दिसतो पण खरा नसतो. पहिलं वर्ष नोंदीचं, दुसरं तुलनेचं. हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी ग्रामसभेत ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. पण तिथे आधी बरीच वर्षं पाणलोटाचं काम झालं होतं आणि सिंचनाच्या बोअरवेलवर, उसावर गावाने स्वतः बंदी घातली होती. त्यांचा शेवटचा टप्पा आपली पहिली पायरी असू शकत नाही.

विचार करायला लावणारी वही

मोजणीच्या प्रत्येक फेरीनंतर एक तास फक्त बोलायला आणि लिहायला ठेवा. हा तास कापला जातो, कारण अभ्यासक्रम मागे पडलेला असतो. कापू नका, नाहीतर मुलांच्या लक्षात फक्त उन्हातली पायपीट राहते. "पाणी हेच जीवन" छापाचा निबंध अजिबात नको. तीन प्रश्न पुरतात. आज कोणता आकडा तुला अपेक्षित नव्हता? हा आकडा गावात कोणाला आवडणार नाही, आणि का? पुढच्या वेळी आपण काय वेगळं मोजायला हवं?

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग शांत होतो, मग एकदम सगळे बोलतात. ज्याच्या बापाचा ऊस आहे तो मुलगाही त्याच वर्गात बसलेला असतो. त्याला कोपऱ्यात गाठून दोष देण्याचा तास होऊ देऊ नका. ऊस का लावला जातो, हमीचा भाव आणि खरेदीची खात्री कोणत्या पिकाला आहे, हेही त्याच तासात यायला हवं. त्या मुलाला याबद्दल शिक्षकापेक्षा जास्त माहिती असते.

गुणांचा प्रश्न येईलच. आठवीला आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरा, नववीत जलसुरक्षा विषयाशी जोडा. आकडा बरोबर आला का यापेक्षा मुलाने तो तपासला कसा, याला गुण द्या.

ग्रामसभेतली दहा मिनिटं

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. आपल्याला २ ऑक्टोबरच्या सुमाराची हवी, कारण त्यानंतर गहू-हरभऱ्याचा निर्णय होतो. विषयपत्रिकेवर विषय आधी लिहून घ्या. आयत्या वेळच्या विषयात टाकला तर तुमची पाळी येईपर्यंत लोक उठलेले असतात. त्याआधीच्या महिला सभेतही मांडा. खरे प्रश्न तिथेच येतात.

मुलांनीच बोलायचं, तिघांनी, आणि सल्ला द्यायचा नाही. "ऊस लावू नका" हे चौदा वर्षांच्या मुलीने सांगायचं नसतं. तिने सांगायचं ते असं: विहीर क्रमांक ४ची पातळी या सप्टेंबरला इतकी आहे, गेल्या वर्षी इतकी होती. हेक्टरभर गव्हाला साधारण ४५ लाख लिटर पाणी लागतं, हरभऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. निर्णय मोठ्यांनी घ्यायचा. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम असेल तर तो शेवटी ठेवायला सांगा. आधी ठेवला की दहातली आठ मिनिटं त्यातच जातात. आलेख भिंतीवर लावा, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर मांडणी पुढे ढकला, मोजणी नको.

पुढे ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना याच नोंदी उपयोगी पडतात. सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायचा की नवीन बोअर घ्यायचं, याची चर्चा आलेख समोर ठेवून झाली, तर त्या दिवशी भागीदारी कागदावरून खाली उतरली म्हणायची.

क्लोरीनचं कामही दुसऱ्या वर्षी जोडता येतं. टाकीजवळच्या आणि शेवटच्या घराच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी आहे का, हे पाहायचं. मात्र क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचं द्रावण विषारी आहे. चाचणी आरोग्य सेवकांनी करायची, मुलांनी नोंद घ्यायची आणि नकाशा काढायचा.

मे महिना आणि बदली

सगळ्यात महत्त्वाची नोंद मेची, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणून जलसुरक्षकाचं नाव कागदात आधीच घातलं. त्यांच्यासोबत विहिरीजवळ राहणारी दोन-तीन मुलं, पालकांच्या लेखी संमतीने. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक असेल तर तुमचेच माजी विद्यार्थी तिथे सापडतात. त्यांना वर्षाला १२० तासांचं काम भरायचंच असतं आणि विहिरी त्यांच्या ओळखीच्या असतात. नववीच्या मुलांनी आठवीला विहिरीवर नेऊन शिकवायचं, ही रीत पहिल्या वर्षापासून पाडा.

नोंदवही एकच ठेवा, जाड पुठ्ठ्याची. दर वर्षी नवीन वही काढली की जुनी हरवते. तिची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्या. मोजपट्टी आणि पर्जन्यमापक जडवस्तू नोंदवहीत चढवा, आणि विहिरींची वही मुख्याध्यापकांच्या पदभार यादीत घाला. त्या यादीत असलेल्या वस्तूबद्दल येणाऱ्याला सही करावी लागते, त्यामुळे ती कपाटात तळाला गेली तरी शाळेतून जात नाही.

बदल्यांचे आदेश अनेकदा मेमध्येच निघतात. तेव्हा जाणाऱ्या शिक्षकांनी मेची मोजणी येणाऱ्यांना सोबत घेऊन करावी, प्रत्येक मालकाशी ओळख करून द्यावी, कोणत्या विहिरीवर सकाळी सातच्या आत पोचावं लागतं आणि कोणाकडे कुत्रं आहे हेही सांगावं, आणि वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली दोघांनी सही करावी.